पुढच्या चाकातली हवा

काम मिळाल्याचा फोन आला त्या दुपारीच भिंगरी मिस्त्रीच्या दुकानात जाऊन उभी राहिली. उभी म्हणजे काय, दारापासून कंप्रेसरपर्यंत आणि कंप्रेसरपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत राहिली. दुकान रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली होतं. आत लांबी बेताचीच, त्यामुळे तिला सारखं वळावं लागत होतं.

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. शाळेत असताना तिला कुणी बाकावर सलग बसलेलं पाहिलं नव्हतं, तेव्हा आईनं ते पाडलं, आणि सदतीस वर्षांची झाली तरी ते सुटलं नव्हतं. शूटिंगवरही सगळे तेच म्हणत. पडद्यावर एखादी नटी छोट्या चाकांच्या सायकलवरून जिना उतरताना किंवा गच्चीवरून उडी मारताना दिसली, की ती बहुतेक वेळा नटी नसून भिंगरी असायची. दोन वर्षांपूर्वी अशाच एका उडीत, खाली टेकता टेकता मागचा टायर फुटला आणि तिच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण फोन येणं कमी झालं. मधल्या काळात तिनं मुलांना सायकल शिकवली, एका दुकानाच्या उद्घाटनाला गोल गोल चकरा मारल्या, आणि घरात आईचं डोकं खाल्लं.

मिस्त्री हा तिचा पूर्वीचा नवरा. सगळा रस्ता त्याला मिस्त्रीच म्हणायचा. लग्न मोडून सहा वर्षं झाली होती. त्याला घरी बसायला आवडायचं आणि तिला बसवत नसे. भांडण एवढंच, पण रोजचं. वेगळे झाल्यावरही तिची चाकं तोच बांधायचा, कारण दुसऱ्या कुणी बांधलेल्या चाकावर तिला झोप लागत नसे.

"एकाच शॉटमध्ये," ती म्हणाली. "मध्ये कुठे कट नाही. रस्त्यावरून सुटायचं, जिना उतरायचा, तिथून काँक्रीटच्या वाडग्यासारख्या खड्ड्यात, समोरची भिंत चढून बाहेर, मग लाकडी फळीवरून थेट मातीत. मातीचे दोन उंचवटे, मध्ये वळण. दुसऱ्यावरून उडी. बुटांची जाहिरात आहे."

मिस्त्री कुणाच्या तरी चाकाचा आउट काढत बसला होता. त्यानं चाक फिरवलं, कान देऊन ऐकलं, एक स्पोक जरा आवळला.

"सायकल एकच?"

"थांबायचंच नाही, तर बदलणार कुठे?"

"म्हणजे कामं तीन आणि टायर एक."

"म्हणून तर आले."

त्यानं चाक बाजूला ठेवलं आणि वरच्या खिळ्यांवरून तीन तऱ्हांचे टायर जोडीजोडीनं काढून तिच्यासमोर टाकले. पहिला मोठमोठ्या उठावदार गोट्यांचा, माती घट्ट धरणारा. दुसरा पातळ आणि हलका, बोटांनी दाबला की मुडपणारा. तिसरा काळा, जाड, जड. त्याच्या पाठीवर बारीक, जवळजवळची नक्षी होती आणि कडेवर छापलं होतं, हवा एकशे दहा पाउंडांपर्यंत.

भिंगरीनं तिसरा उचलला आणि दोन्ही अंगठ्यांनी बाजू दाबून पाहिली. दबली नाही.

"हा," ती म्हणाली. "पुढे आणि मागे."

"मागे ठीक. पुढचं बघू. तू तिन्ही चालवून बघ, मग बोल." त्यानं बाजूला ठेवलेलं चाक पुन्हा उचललं. "आणखी एक सांगायचंय. हिची बदली झालीय. दुकान बंद करतोय. तुझं शूटिंग आहे ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार."

ही म्हणजे त्याची आताची बायको. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. भिंगरीनं तिला एकदोनदा लांबून पाहिलं होतं. "बरं," ती म्हणाली, आणि तिन्ही जोड्या खांद्याला अडकवून पायऱ्या चढली. रस्त्याच्या टोकाला गेल्यावर तिच्या लक्षात आलं की सायकल दुकानातच राहिलीय. परत जाऊन ती घेऊन आली.

घरी आईनं टायर पाहिले आणि नाक मुरडलं. "कुणी दिले?"

"मिस्त्रीनं. तो चाललाय गाव सोडून."

"जावईबापू चालले? आणि मला कुणी सांगितलंही नाही?"

"आई, आमचा घटस्फोट झालाय."

"तुमचा झालाय. माझा नाही झाला," आई म्हणाली आणि फोन शोधायला उठली.

दुसऱ्या दिवशी चौथा टायर आला. तो शूटिंगवाल्यांनी पाठवला होता. त्याच्याबरोबर कलाविभागातली एक मुलगीही आली. तिला सगळे आर्टवाली म्हणत, आणि तीही स्वतःची ओळख तशीच करून देई. तिनं कागद सोडवून टायर असा हातात धरला जणू दागिना. टायरची पाठ काळी आणि दोन्ही बाजू फिक्या तपकिरी, बुटांच्या तळव्याच्या रंगाच्या.

"हेच हवेत," आर्टवाली म्हणाली. "बूट आणि टायर एकमेकांशी बोलले पाहिजेत."

"किती हवा घेतात?"

आर्टवालीनं टायर उलटासुलटा केला. "ते कुठे बघायचं?"

भिंगरीनं दाखवलं. साठ. तिनं तो टायर मागच्या चाकावर चढवला आणि आर्टवालीला बरोबर घेऊन ती सराव करायची त्या पार्कात गेली. पार्काच्या कडेला रस्त्यावरून उतरणारा दगडी जिना होता. तो ती एकदा उतरली, दोनदा उतरली. मग तिथल्या काँक्रीटच्या खड्ड्यात शिरून समोरच्या भिंतीवर चढली आणि वरून सरळ खाली टेकली. तिसऱ्या वेळी टेकताना मागून वेगळाच आवाज आला. सायकल उलटी करून पाहिली तर टायरच्या तपकिरी बाजूला गळवासारखा फुगवटा आला होता.

"हात लाव," ती म्हणाली.

आर्टवालीनं बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं. "हे फुटणार?"

"आणखी एका उडीत. तेव्हा मी वर असेन."

आर्टवालीचा चेहरा उतरला. मुलगी वाईट नव्हती. ती बराच वेळ जिन्यावर बसून राहिली आणि शेवटी म्हणाली, "काळाच टायर घ्या. बाजू मी रंगवीन. रंग टिकेल की नाही ते माझं मी बघते."

मग भिंगरीनं बाकीचे लावून पाहिले. गोट्यांचा टायर मातीत झकास चालला, पण काँक्रीटवर त्यानं पार घोटाळा केला. भिंतीवर वळताना गोट्या वाकायच्या आणि सायकल तिच्या खालून दारू प्यायल्यासारखी हलायची. शिवाय तो इतका घरघरायचा की पार्कातली पोरं वळून बघत. हलका टायर पळायला छान होता, पण जिन्याच्या एका कडेवर आपटला आणि फुस्स झाला. ट्यूब काढून पाहिली तर शेजारी शेजारी दोन चिरा. रिम आणि पायरी यांच्यामध्ये ट्यूब चेंगरली होती.

राहिला काळा. तो तिनं पुढे-मागे चढवला आणि हवा मारली. शंभरावर काटा गेला तरी तो तक्रार करेना. जिना असा उतरला जणू उतारच. भिंतीवर एका पायडलमध्ये वर. तिला वाटलं, आता प्रश्न मिटला, आता रात्री झोप लागेल. पण ती लागली नाही. सकाळी तोंड धुवायच्या आधी तिनं अंगठ्यानं मागचा टायर दाबून पाहिला आणि आणखी दोन पाउंड हवा मारली. चहा घेऊन झाल्यावर पुढच्यात मारली. दिवसभर सायकलवरून जाता येता तिचा हात टायरकडे जात राहिला, जसा ताप आलेल्या माणसाच्या कपाळाकडे जातो.

शूटिंगच्या दोन दिवस आधी ती मिस्त्रीकडे चाकं तपासायला घेऊन गेली. निम्मं दुकान खोक्यांत गेलं होतं. त्यानं पुढच्या टायरवर टिचकी मारली. टणटण वाजलं.

"किती भरलीयस?"

"एकशे पाच."

"दोन्हीत?"

"दोन्हीत."

"मागे नव्वद ठेव. पुढे पासष्ट."

"पासष्ट? जिन्यावर बसेल तो."

"नाही बसणार. त्याच्या बाजू जाड आहेत, तो रुंद आहे, आणि तुझं वजन पुढे कमी पडतं. हा टायर मजबूत आहे तो कापडामुळे, हवेमुळे नव्हे. पण एवढी हवा ठासलीस तर मातीला टेकणार किती? बोटभर. वळणावर पुढचं चाक गेलं की तू गेलीस."

"माझा फुटला होता तो मागचा होता, आणि त्यात हवा कमी होती."

"मला माहीत आहे. तो टायर जुना होता."

"तू नव्हतास तिथे."

"टायर मी पाहिला ना नंतर."

ती पुन्हा येरझाऱ्या घालू लागली, पण खोक्यांमुळे आता चालायला जागाच नव्हती. तिनं एका खोक्याला पाय मारला. आतून काहीतरी लोखंडी खळखळलं.

"तू गेल्यावर चाकं कोण बघणार माझी?" तिनं विचारलं, आणि विचारल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

"मागच्या गल्लीत एक बाई आहे. हात चांगला आहे तिचा. मी बोललोय तिच्याशी." त्यानं पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बोटानं दाखवला. "कमी करू का?"

"राहू दे," भिंगरी म्हणाली आणि सायकल उचलून वर आली.

शूटिंग एका बंद पडलेल्या क्रीडांगणावर होतं. एका अंगाला रस्ता आणि जिना, मध्ये काँक्रीटचा खड्डा, आणि पलीकडे ट्रकनं माती आणून बनवलेले दोन उंचवटे. आदल्या दिवशी तिनं माती पायानं दाबून पाहिली होती. कोरडी, घट्ट, भाजल्यासारखी. आर्टवालीनं टायरच्या बाजू इतक्या सफाईनं रंगवल्या होत्या की हात लावावासा वाटू नये. तालीम छान झाली. भिंगरी एकदा संथ आणि एकदा वेगानं सगळा रस्ता फिरून आली, आणि पुढचं चाक कुठेही हललं नाही. पासष्ट म्हणे, तिनं मनात म्हटलं.

मग दिग्दर्शकानं कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहिलं आणि मान हलवली. पोरगेलासा माणूस, पण बोलणं मऊ. "माती पांढरी दिसतेय. काळी हवी. टँकर बोलवा."

टँकरनं दोन्ही उंचवटे भिजवले. माती काळी झाली आणि चमकायला लागली.

"मॅडम, चालेल ना?" दिग्दर्शकानं विचारलं.

दोन वर्षांनी मिळालेलं काम होतं. ती म्हणाली, "चालेल."

पहिल्या वेळी जिना उतरली, खड्डा झाला, भिंत झाली, फळीवरून मातीत आली. पहिला उंचवटा ओलांडला आणि वळणावर हँडल वळवलं. हँडल वळलं, सायकल वळली नाही. पुढचं चाक साबणावरून गेल्यासारखं बाजूला गेलं आणि भिंगरी कोपरावर पडून दुसऱ्या उंचवट्याच्या पायथ्याशी घसरत थांबली.

सगळे धावले. ती आधीच उठली होती. कोपर सोललं होतं, खांदा ठीक होता. खांदा ठीक आहे हे तिनं तीनतीनदा हात वर करून पाहिलं. कुणीतरी पाणी दिलं, कुणीतरी पट्टी बांधायला घेतली, पण ती एका जागी उभी राहीना, त्यामुळे पट्टी बांधणारा तिच्या मागे मागे चालत होता.

"मॅडम, माती सुकेपर्यंत थांबू या का?" दिग्दर्शकानं विचारलं. "पण मग उजेड जाईल."

"पाच मिनिटं द्या."

ती सायकल घेऊन जिन्याच्या वरच्या टोकाला गेली. तिथे कुणी नव्हतं. खाली बसून तिनं पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि नखानं आतली पिन दाबली. हवा सुसाट बाहेर आली. तो आवाज तिला सहन होईना. तिनं बोट काढलं. काटा लावून पाहिला, नव्वद. परत दाबलं. ऐंशी. खाली जिना दिसत होता, प्रत्येक पायरीची कड. तिला मागच्या टायरचा तो जुना आवाज आठवला, आणि त्यानंतरचा तो अर्धा क्षण, जेव्हा आपण अजून हवेत आहोत असंच तिला वाटत होतं. तिनं टायर दाबला. अजून टणक. बाजूंवर बोट फिरवलं. आर्टवालीच्या रंगाखाली जाड, खरखरीत कापड लागत होतं. ती मनात मिस्त्रीशी भांडत होती, आणि भांडता भांडता तिला कळत होतं की त्याच्या बाजूनं बोलणारीही तीच आहे.

पासष्टला तिनं टोपण लावलं. मागच्यातली काढून नव्वदवर आणली. मग हात वर करून इशारा केला.

दुसऱ्या वेळी जिन्यावर पुढचं चाक नरम लागलं, तिला नको होतं तितकं नरम. प्रत्येक पायरीला ती फटाक्याची वाट पाहत होती. तो वाजला नाही. पण खड्ड्यात सायकल जड झाली. भिंत चढताना दम लागला, आणि मातीत ती हवी त्यापेक्षा हळू पोचली. वळणावर चाकानं माती धरली. उडी झाली, पण आखूड, आणि मागचं चाक उतारावर घासत कसंबसं टेकलं. ती पडली नाही.

दिग्दर्शक टाळ्या वाजवत आला. "फार छान. पण..."

"पण आखूड झाली," भिंगरी म्हणाली. "अजून एकदा."

आर्टवालीनं टायरकडे पाहून तोंडावर हात ठेवला. बाजूंचा रंग भिंतीला निम्मा लागून गेला होता. दिग्दर्शक म्हणाला, असू दे, वापरलेले दिसतायत.

तिसऱ्या वेळी तिला कुठे किती जोर लागेल ते माहीत होतं. खड्ड्याच्या तळाशी तिनं दोन पायडल जास्त मारले. भिंत, फळी, माती. वळणावर चाक मातीत रुतलं आणि सुटलं, रुतलं आणि सुटलं, आणि मग ती वर होती. वर असताना तिला काहीच ऐकू आलं नाही. खाली टेकली तेव्हा दोन्ही चाकं एकदम टेकली, आणि ती क्रीडांगणाच्या कुंपणापर्यंत तशीच निघून गेली. तिथून वळून परत आली, आणि परत एकदा कुंपणापर्यंत गेली. लोक तिला थांबवायला हाका मारत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानावर गेली तेव्हा टेम्पो लागला होता. दुकानात मिस्त्री नव्हता. त्याची बायको पायरीवर उभी राहून जुन्या टायरांच्या ढिगाकडे बघत होती.

"ताई, या ना," ती म्हणाली. "हे दोर आणायला गेलेत. एक विचारू? हे सगळे टायर न्यायचेत म्हणतात. यांतले किती कामाचे आहेत?"

भिंगरीनं ढिगाकडे पाहिलं. "चारपाच असतील."

"मला वाटलंच."

"तो आला की त्याच्यासमोर म्हणू नका. आत्ताच वेगळे काढू."

दोघींनी मिळून ढीग उपसला. बाई अंगानं बारीक होती, पण कामाला तडफदार. तिनं भिंगरीच्या कोपराची पट्टी पाहिली आणि न विचारता हात धरून कोपर वाकवून, सरळ करून पाहिलं. "दुखतंय?"

"नाही."

"खांदा? हे सांगत होते, जुना मार आहे."

"खांदा बरा आहे."

"तरी एकदा फोटो काढून घ्या. मी इथे असते तर मीच काढला असता."

मिस्त्री दोर घेऊन आला, तेव्हा भंगाराचे टायर फुटपाथच्या कडेला गेलेले होते. त्यानं दोघींकडे पाहिलं, टायरांकडे पाहिलं आणि दोर सोडायला लागला.

"पुढच्यात किती ठेवली होतीस?" त्यानं पाठमोरा असतानाच विचारलं.

"पासष्ट."

"आधीपासून?"

"एकदा पडल्यावर."

त्यानं दोराचं एक टोक मागे तिच्या हातात दिलं. चाक तोलायचं लोखंडी स्टँड एकट्याला उचलण्यासारखं नव्हतं. ते तिघांनी धरून पायऱ्या चढवलं. टेम्पोवाला घाई करत होता. तिनं दोघांना बरे असा म्हटलं, टेम्पो वळेपर्यंत थांबली, आणि मग मागच्या गल्लीतल्या त्या बाईचं दुकान कुठे आहे ते बघून आली. दुकान बंद होतं. दुपारी परत गेली.

जाहिरात दोन महिन्यांनी लागली. आई आणि ती समोर बसून बघत होत्या. म्हणजे आई बसली होती. एक मुलगी जिना उतरते, मग बुटांचा मोठा फोटो, मग खड्ड्यातली भिंत, मग पुन्हा बूट, मग नटीचा हसरा चेहरा, आणि शेवटी मातीवरची उडी, एवढीशी. सलग काहीच नव्हतं. सगळं कापून पुन्हा जोडलं होतं.

"तू कुठे होतीस यात?" आईनं विचारलं.

"सगळीकडे."

"मला तर बूटच दिसले."

भिंगरी खिडकीपाशी गेली, परत आली. तिला हसूही येत होतं आणि काहीतरी फेकावंसंही वाटत होतं. तिनं मिस्त्रीला फोन लावला आणि सांगितलं.

तो म्हणाला, "कापलं? म्हणजे मातीसाठी वेगळी चाकं लावली असती तरी चाललं असतं."

"हो."

"आणि आपण टायरवर एवढं भांडलो."

"तू कुठे भांडलास? भांडले मी." मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, खांद्याचा फोटो काढला का विचार म्हणून. "काढते म्हणावं," भिंगरी म्हणाली. "या आठवड्यात."

"काढ हं," तो म्हणाला. "पुढचं काम काय आहे?"

"काही नाही. पण ते तिसऱ्या वेळचं होतं ना, ते तू पाहायला हवं होतंस. ते त्यांनी लावलंच नाही."

फोन ठेवून ती कोपऱ्यातली सायकल घेऊन दाराकडे निघाली. आई म्हणाली, "आता कुठे?"

"त्या मैदानावर. उंचवटे अजून आहेत का बघते."

"आणि जेवण?"

"आल्यावर," भिंगरी म्हणाली. तोवर ती जिन्याच्या पहिल्या वळणावर पोचली होती.